मुक्कामाची रक्कम कुणाच्या नावे?

सायकलवरून लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला हमखास दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, "पाय दुखत नाहीत का हो?" आणि दुसरा, "पण खर्च काहीच येत नसेल, नाही?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुखतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दुखायचे कमी होतात. दुसरा प्रश्न मात्र वाटतो तितका साधा नाही. सायकलीला पेट्रोल लागत नाही, तिकीट काढावे लागत नाही, तेव्हा सायकलचा प्रवास म्हणजे जवळजवळ फुकटचा प्रवास, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. आयुष्याची चौतीस वर्षे बँकेत लोकांच्या पैशांचा हिशेब ठेवण्यात गेल्यामुळे असेल, पण 'फुकट' हा शब्द कानावर पडला की माझ्या मनात लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : मग ही रक्कम कुणाच्या नावे पडली?

आधी साधा हिशेब करून पाहू. पुण्याहून पणजी सुमारे साडेचारशे किलोमीटर. रात्री बसमध्ये बसले की सकाळी पणजीत चहा. खर्च एका तिकिटाचा, झोपही त्यातच. हेच अंतर पाठीमागे सामान बांधून सायकलने जायचे, तर साठी उलटलेल्या माणसाने दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर धरावेत. म्हणजे सात दिवस. सात दिवस म्हणजे सहा रात्री, तेरा-चौदा जेवणे, सात न्याहाऱ्या, आणि चहा किती ते विचारूच नये. शिवाय घरी दोन पोळ्यांवर पान बाजूला सारणारा माणूस दिवसभर पायडल मारल्यावर खाणावळवाल्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटवील इतके जेवतो. थोडक्यात, इंधन वाचते, पण रात्री वाढतात आणि भूकही वाढते. सायकलसहलीचे अंदाजपत्रक चाकांवर ठरत नाही, ते रात्रींवर ठरते. रात्र कुठे काढायची, हा एकच प्रश्न सुटला की बाकीचे सगळे किरकोळ खर्चाच्या सदरात जाते.

पंखांचे चाक आणि शिलिंगची रात्र

हा प्रश्न सायकलइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये १८७८ साली सायकलवरून भटकणाऱ्यांनी एक क्लब काढला. पुढे तो 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' या नावाने प्रसिद्ध झाला. या क्लबचे एक मोठे काम म्हणजे गावोगावच्या हॉटेलवाल्यांशी बोलून सदस्यांसाठी राहण्याजेवण्याचे दर ठरवून घेणे. ज्या हॉटेलाशी असा करार होई, त्याच्या भिंतीवर पंख लावलेल्या चाकाची लोखंडी पाटी लागे. चिखलाने माखलेल्या, घामेजलेल्या माणसाला ती पाटी दिसली, की आपल्याला इथे हाकलणार नाहीत आणि लुबाडणारही नाहीत, एवढा दिलासा मिळे.

'हाकलणार नाहीत' हे मी उगीच म्हटलेले नाही. १८९८ साली लेडी हार्बर्टन नावाच्या खानदानी बाई सायकलवरून सरे परगण्यातल्या ऑकहॅम गावी हॉटबॉय हॉटेलात जेवायला थांबल्या. सायकल चालवायला सोयीचा म्हणून त्यांनी लांब झग्याऐवजी ढगळ विजारीचा पोशाख केला होता. त्या वेषात त्यांना मुख्य जेवणघरात बसू द्यायला मालकीणबाईंनी साफ नकार दिला आणि बारशेजारच्या खोलीत बसा म्हणून सांगितले. क्लबने पुढच्या वर्षी हे प्रकरण कोर्टात नेले, आणि ते हरले. जेवण नाकारलेलेच नव्हते, फक्त दुसऱ्या खोलीत देऊ केले होते, असा निकाल. सव्वाशे वर्षे झाली, पण आपल्याकडे एकट्या बाईने संध्याकाळी सायकल टेकवून लॉजच्या गल्ल्यावर खोली मागितली, तर तिला आजही कधी कधी कोणत्या नजरेला तोंड द्यावे लागते, हे अशा प्रवास करणाऱ्या मुलींना विचारून पाहा. खिशात पैसे असणे ही मुक्कामाची पहिली अट झाली, शेवटची नव्हे.

पुढे १९३० मध्ये ब्रिटनमध्ये यूथ हॉस्टेलची चळवळ सुरू झाली. चालत किंवा सायकलने येणाऱ्या तरुणांना एका रात्रीला एक शिलिंग. पलंग साधा, पांघरूण साधे, आणि सकाळी निघण्यापूर्वी झाडलोट किंवा भांडी यांपैकी एखादे काम करून जायचे. मला ही व्यवस्था फार आवडते. दर कमी होता, कारण उरलेली रक्कम पाहुण्याच्या श्रमातून वसूल होत होती. हिशेब जुळत होता.

स्वस्ताईचे विक्रम

सायकलप्रवाशांच्या पुस्तकांत मात्र वेगळीच ईर्षा दिसते : कमीत कमी पैशांत किती लांब गेलो! आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी १९६३ च्या जानेवारीत, युरोपात कडाक्याची थंडी असताना, फ्रान्समधल्या डंकर्कहून निघाल्या आणि जुलैत दिल्लीला पोचल्या. या प्रवासावरच्या 'फुल टिल्ट' या पुस्तकात त्यांनी खर्चाचाही हिशेब दिला. एकूण सुमारे ६४ पौंड. त्या वेळच्या सव्वातेरा-साडेतेराच्या भावाने साडेआठशे रुपये. सहा महिन्यांचे! बँकेतल्या माणसाला असा आकडा दिसला, की तो आधी टोपी काढतो आणि मग व्हाउचर मागतो. व्हाउचर त्या पुस्तकातच आहे. अफगाणिस्तानात आणि पाकिस्तानात त्यांना चहाच्या दुकानांनी, सरकारी बंगल्यांनी, अनोळखी घरांनी आसरा दिला, जेवू घातले. ते ६४ पौंड म्हणजे त्यांनी चुकता केलेला खर्च. बाकीचा खर्च झालाच, फक्त तो दुसऱ्यांच्या वह्यांत गेला, आणि त्या दुसऱ्यांपैकी पुष्कळांकडे वही नव्हतीच. मर्फीबाईंनी मात्र या यजमानांना आपल्या पानांत भरभरून जागा दिली, हेही तितकेच खरे.

जर्मनीचे हाइन्झ स्ट्युके १९६२ मध्ये घरातून निघाले, ते पन्नासहून अधिक वर्षे सायकलवर जग फिरत राहिले. त्यांनी आपल्या प्रवासाच्या पुस्तिका आणि छायाचित्रे विकून पोट भरले. ओडिशाचे चित्रकार प्रद्युम्नकुमार महानंदिया १९७७ मध्ये दिल्लीहून स्वीडनमधल्या आपल्या पत्नीकडे सायकलने निघाले. वाटेत भेटणाऱ्यांची चित्रे काढायची आणि त्यावर जेवण, निवारा मिळवायचा, हा त्यांचा परिपाठ. या दोघांच्या खिशात पैसे थोडे होते, पण देण्यासारखे काहीतरी हातात होते. देणेघेणे चालू होते.

आणि आपल्या मुंबईची सहा पारशी पोरे! १५ ऑक्टोबर १९२३ रोजी ती जगप्रवासाला निघाली. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे चार वर्षे आणि पाच महिन्यांनी सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून परतले. त्यांच्या पुस्तकाला पंडित नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, सिनाई या भागांत शंभर वर्षांपूर्वी हॉटेल शोधायचे कुठे? त्यांच्या धाडसाबद्दल आपण वाचतो आणि छाती फुगवतो. पण अशा प्रवासात ज्यांनी दार उघडले, पाणी दिले, एखादी भाकरी पुढे केली, त्या माणसांची नावे सहसा इतिहासात उतरत नाहीत.

कोकणातली वही

आता जवळच्या वाटेवर येतो. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही तीन निवृत्त मित्र, एक शाळामास्तर, एक बांधकाम खात्यातले आणि तिसरा मी, मांडव्यापासून तेरेखोलपर्यंत सागरी मार्गाने सायकलवर गेलो. दहा दिवस, नऊ रात्री, पाचशेहून अधिक किलोमीटर. हिशेबाची वही अर्थातच माझ्याकडे.

या रस्त्याची गंमत अशी, की गावे खाडीच्या तोंडाशी नाहीतर समुद्राच्या काठी, आणि मधला प्रदेश डोंगराचा. त्यामुळे संध्याकाळी उतारावरून गावात शिरायचे आणि सकाळी न्याहारी जिरायच्या आत चढ चढायचा. वाटेत आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्या जंगल जेटीवरून, म्हणजे ज्याला आता सगळे फेरीबोट म्हणतात तिने, ओलांडायच्या. माणूस आणि सायकल यांचे भाडे किरकोळ, विश्रांती मात्र लाखमोलाची.

मुक्कामाचे शास्त्र आम्ही निघण्यापूर्वीच बसवले होते. कोकणातल्या घरगुती निवासांचा धंदा शनिवार-रविवारवर चालतो. मुंबई-पुण्याच्या गाड्या शुक्रवारी रात्री सुटतात, रविवारी दुपारी परततात. सोमवार ते गुरुवार त्याच खोल्या रिकाम्या असतात. म्हणून आम्ही रविवारी सकाळी निघालो. मुरूड, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर, मालगुंड ही किनाऱ्याची गावे आठवड्याच्या मधल्या दिवसांत उरकली. शनिवारी जी खोली अडीच हजारांची, ती मंगळवारी बाराशे-तेराशेला मिळाली, तीही मालकाने स्वतः पाणी तापवून देऊन. नाताळ ते एक जानेवारी या दिवसांत सायकलवाल्याने या वाटेला जाऊ नये. खोली मिळत नाही, आणि मिळाली तर परवडत नाही.

सायकलवाल्याच्या गरजा तशा थोड्या. सायकल ठेवायला पडवी किंवा खळे, अंघोळीला गरम पाणी, धुतलेले कपडे टाकायला दोरी, साडेसातला जेवण आणि पहाटे सहाला चहा. वातानुकूलित खोली आणि दूरदर्शन संच यांचे पैसे त्याने देऊ नयेत, कारण नऊ वाजता तो गाढ झोपलेला असतो. या गरजा साध्या घरगुती निवासात हॉटेलपेक्षा बऱ्या भागतात. आणखी एक. फोन दाखवून पैसे देण्याची सोय आता टपरीवरही आहे, पण खाडीकाठी फोनला रेंज असेलच असे नाही. शंभराच्या नोटांचे एक पुडके वेगळे ठेवावे.

आता आकडे. आठ रात्रींच्या खोल्यांचे मिळून १०,८०० रुपये झाले. (नववी रात्र पुढे येते.) तिघांत वाटल्यावर माणशी ३,६००. जेवणखाण, चहा, शहाळी, केळी यांचे माणशी ४,८००. फेरीबोटी, पंक्चर, एक तुटलेली साखळी आणि दोन ब्रेकचे रबर मिळून माणशी ७००. गोव्याहून सायकलींसकट परत येण्याचे १,४००. एकूण १०,५००, म्हणजे दिवसाला साडेदहाशे. मी एकटा असतो तर खोल्यांचे सगळे पैसे मलाच भरावे लागले असते आणि हाच आकडा १७,७०० झाला असता. खोलीचा दर दाराला असतो, डोक्याला नसतो. एकट्या प्रवाशाला महाग पडते ते हे असे. काटकसर करायचीच असेल तर सोबत शोधावी. ती जेवणात करू नये. पोट मारून चढ चढता येत नाही.

नववी रात्र

शनिवारी आम्हाला विजयदुर्ग गाठायचे होते. वाघोटणची खाडी ओलांडून देवगड तालुक्यात शिरलो आणि मास्तरांच्या सायकलची साखळी तुटली. ती जोडेपर्यंत अंधार पडला. रस्त्यालगतच्या वाडीतल्या एका घरातून आजोबा कंदील नव्हे, चांगली मोठी बॅटरी घेऊन आले आणि काही न विचारता म्हणाले, "रातचे खय जातालात? हयच ऱ्हवा." घरात ते आणि त्यांच्या पत्नी दोघेच. मुलगा मुंबईला. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, भात, आणि लोणचे. ओटीवर तीन चटया, त्यावर गोधड्या. सकाळी घावणे आणि चहा.

निघताना मी पाकीट काढले. आजी जरा रागावूनच म्हणाल्या, "पावण्यांकडसून कोण पैसे घेता काय?"

पुढच्या चढावर तिघांत वाद लागला. मास्तर म्हणाले, "लिही शून्य. त्यांनी प्रेमाने दिलं, आपण प्रेमाने घेतलं. प्रत्येक गोष्टीला आकडा कशाला?" बांधकाम खात्यातले मित्र म्हणाले, "उशाखाली पाचशेची नोट ठेवायला हवी होती." मला दोन्ही पटेनात. शून्य लिहावे तर तांदूळ, सरपण, आणि सत्तरीच्या बाईची संध्याकाळ यांची किंमत शून्य ठरते. नोट लपवून ठेवावी तर त्यांनी तोंडावर नाकारलेला व्यवहार पाठीमागे लादल्यासारखे होते. सुदैवाने त्या घरात आमसुले आणि फणसपोळी विकायला होती. ती आम्ही निघतानाच त्यांनी सांगितलेल्या भावाने चारशे रुपयांची घेतली होती. ते पैसे आजींनी दोनदा मोजून घेतले. विक्री वेगळी आणि पाहुणचार वेगळा, याबद्दल त्यांच्या मनात काहीच गोंधळ नव्हता.

मी वहीत त्या रात्रीपुढे 'उचंत' असे लिहिले. बँकेत काम केलेल्यांना हा शब्द ठाऊक आहे. एखादी रक्कम आली किंवा गेली, पण ती नेमक्या कोणत्या खात्याची हे त्या क्षणी ठरवता येत नाही, तेव्हा ती तात्पुरती उचंत खात्यात टाकतात. तात्पुरती या शब्दावर भर. हिशेबतपासनीस आला की आधी उचंत खाते उघडून बघतो आणि विचारतो, "ही नोंद इतके दिवस पडून का? कुठे वळती करणार?"

हल्ली काही तरुण 'शून्य रुपयांत भारतभ्रमण' असे फलक सायकलीला लावून निघतात. त्यांच्या हिमतीला माझा नमस्कार आहे. ज्याच्याजवळ खरोखरच काही नाही, त्याने मागून खावे, त्यात कमीपणा नाही. आपल्या देशाने नर्मदा परिक्रमेतल्या माणसाला सदावर्त दिले आहे, वारकऱ्याला भाकरी दिली आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगर सर्वांना खुला आहे, आणि तिथे जेवून उठलेला माणूस भांडी घासायला बसू शकतो. पण सायकल ऐंशी हजारांची, फोन तितक्याच किमतीचा, आणि ढाबेवाल्याची थाळी मात्र 'लोकांचे प्रेम' या सदरात, हा हिशेब मला खटकतो. ते शून्य प्रवाशाच्या वहीतले आहे. थाळीचा पीठमीठ-गॅस ढाबेवाल्याच्या नावे पडलेलाच असतो. ते आनंदाने दिलेले असेल, म्हणून ते मोजायचेच नाही असे होत नाही.

परदेशात याची दोन उत्तरे शोधलेली दिसतात. नेदरलँड्समध्ये 'सायकलवरचे मित्र' अशा अर्थाच्या नावाची एक संस्था आहे. तिचे सदस्य चालत किंवा सायकलने येणाऱ्याला आपल्या घरातली जादा खोली आणि सकाळची न्याहारी देतात, आणि त्याचा माणशी दर सगळीकडे एकच, ठरवलेला आणि माफक. घासाघीस नाही, उपकारही नाही. दुसरे उत्तर १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'वॉर्मशॉवर्स' या सायकलस्वारांच्या जाळ्याचे. तिथे यजमान पैसे घेत नाही. आज मी तुझ्याकडे, उद्या कुणीतरी माझ्याकडे, या भरवशावर ते जगभर चालते. पहिली रीत कोकणातल्या घरगुती निवासांना सहज जमण्यासारखी आहे. खोलीऐवजी माणशी दर, सोमवार ते गुरुवार. रिकाम्या खोलीला चार पैसे मिळतील आणि एकट्या सायकलवाल्याची किंवा सायकलवालीची सोय होईल.

दुसरी रीत शहरातल्या आपल्यासारख्यांसाठी आहे, आणि ती अवघड आहे. कोकणातल्या पाहुणचाराचे गोडवे आपण गातो. पण आपल्या सोसायटीच्या फाटकाशी संध्याकाळी सात वाजता धुळीने भरलेला, दाढी वाढलेला, सायकलला चार पिशव्या लटकवलेला परका तरुण उभा राहिला तर? गेल्या वर्षी माझ्याकडे कन्याकुमारीला निघालेली दोन मुले एका रात्रीसाठी आली. पहारेकऱ्याने त्यांना पाऊण तास रस्त्यावर उभे केले. मग ओळखपत्रांच्या नकला, मग सचिवांचा फोन, मग "तुमच्या नात्यातले आहेत का?" हा प्रश्न. नियमांची गरज मला समजते, शहरात ते लागतात. पण त्या आजोबांनी आमचे नावही विचारले नव्हते, हे त्या पाऊण तासात सारखे आठवत होते.

मुले नऊ वाजता जेवली. पिठले, भात, पोळ्या. किती ते हिने मोजले नाही. सकाळी त्यांतल्या एकाने संकोचून विचारले, "काका, किती द्यायचे?" मी त्याला उचंत खाते म्हणजे काय ते समजावून सांगितले. त्याला किती कळले कोण जाणे, पण त्याने आपल्या छोट्या वहीत तो शब्द लिहून घेतला. ती दोघे गेल्यावर मी माझी जुनी वही काढली. तीन माणसांची एक रात्र देणे होती, त्यातल्या दोन माणसांची वळती झाली. एकाची अजून बाकी आहे.